उन्हाळ्यात डिस्क गोल्फ: विदर्भातल्या गावांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळी झाली की हे प्रश्न सुरू होतात आणि मृग लागेपर्यंत संपत नाहीत. आम्ही यवतमाळ-वर्धेकडच्या काळ्या मातीत खेळतो, त्यामुळे उत्तरं त्याच मातीतली आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे जंगल जवळ असल्याने काही गोष्टी वेगळ्या पडतात. त्या जिथल्या तिथे सांगितल्या आहेत.

हा खेळ आहे तरी काय?

आमच्या पहिल्याच सकाळी शेळ्या घेऊन चाललेल्या एका काकाजींनी विचारलं होतं, "काहून बाप्पा, ताटल्या फेकून राहिले?" प्रश्न रास्त होता. गोल्फमध्ये चेंडू काठीने मारत खळग्यात नेतात. इथे चकती हाताने फेकत साखळ्या लावलेल्या लोखंडी बास्केटमध्ये घालतात. चकती जिथे पडली तिथून पुढची फेक, आणि कमीत कमी फेकींत पोचेल तो जिंकला. सुरुवातीच्या जागेपासून बास्केटपर्यंतचा एक टप्पा म्हणजे एक होल. खेळाला आजचं रूप दिलं कॅलिफोर्नियातल्या एड हेड्रिक यांनी. १९७५ मध्ये तिथल्या ओक ग्रोव्ह पार्कात पहिलं कायमचं मैदान तयार झालं आणि १९७६ मध्ये त्यांनी प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन, म्हणजे पीडीजीए, ही संघटना काढली. चकती खेळण्यातल्या फ्रिस्बीपेक्षा लहान आणि घट्ट असते: व्यास साधारण २१ सेंटिमीटर, वजन बहुतेकदा १५० ते १७५ ग्रॅम. लांब फेकीला ड्रायव्हर, मधल्या अंतराला मिडरेंज, बास्केटजवळ पटर. नव्या माणसाला एक पटर आणि एक मिडरेंज पुरे. दुकानदार सात विकतो.

खेळायचंच असेल तर हिवाळ्यात खेळा ना. एप्रिल-मे कशाला?

हा प्रश्न बहुतेक वेळा पुण्या-मुंबईचे पाहुणे विचारतात. गावात कोणी विचारत नाही, कारण गावात उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे: जमीन मोकळी केव्हा असते? पावसाळ्यात काळी माती चपलेला दोन-दोन किलो चिकटते आणि वावरात पीक असतं. दिवाळीनंतर कपाशीची वेचणी चालू, मग तूर उभी, मग हरभरा आणि गहू. फाल्गुनात हरभरा निघाला, पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर रचली, की वावर रिकामं होतं ते थेट पेरणीपर्यंत. पोट्ट्यांना सुट्ट्याही तेव्हाच. आमच्याकडे शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, तेही उन्हामुळेच.

म्हणजे मैदान मिळतं तेव्हा डोक्यावर आग असते आणि ऊन उतरतं तेव्हा मैदान शेतकऱ्याचं असतं. या पानावरचे सगळे प्रश्न इथूनच निघालेले आहेत.

किती तापमानाला खेळ थांबवायचा?

आधी आकड्याचा अर्थ समजून घ्या. हवामान खातं सांगतं ते तापमान सावलीतल्या, जाळीदार लाकडी पेटीतल्या थर्मामीटरचं असतं, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवरचं. म्हणजे बातमीत ४५ म्हटलं तर ते सावलीतलं ४५. तुम्ही उभे असता उघड्या वावरात, वरून ऊन आणि खालून तापलेली माती. सपाट प्रदेशात कमाल तापमान ४० च्या वर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त गेलं की खातं उष्णतेची लाट म्हणतं. ४५ गाठलं तर सरासरी न पाहताच लाट, आणि ४७ ला तीव्र लाट. नागपूरने २३ मे २०१३ रोजी ४७.९ पाहिलेलं आहे.

उलट बाजूने, मोबाइलवर फिरणाऱ्या प्रत्येक आकड्यावर विश्वास ठेवू नका. ३० मे २०२४ ला नागपुरात ५६ अंश झाल्याची बातमी देशभर गेली. नंतर हवामान खात्याने सांगितलं की त्या स्वयंचलित केंद्राचा सेन्सर बिघडला होता.

आमचा नियम घरगुती आहे. आदल्या दिवशीचं कमाल ४२ पर्यंत असेल तर सकाळी पूर्ण डाव. ४२ ते ४५ असेल तर नऊच होल, तेही छोटे. ४५ च्या पुढे कडुनिंबाखाली पटिंगचा, म्हणजे जवळून बास्केटमध्ये चकती टाकायचा सराव आणि गप्पा. यात शास्त्र थोडं आणि आमच्या चुका जास्त आहेत.

मग वेळ कोणती?

तेंदूपत्त्याची वेळ. गडचिरोली-गोंदियाकडे एप्रिल-मे महिन्यांत पानं तोडायला जाणारी माणसं तांबडं फुटायच्या आत निघतात आणि ऊन चढायच्या आत परततात. दुपारी अंगणात बसून पुडके बांधतात. या उन्हात कष्ट कसे करायचे हे त्यांच्याहून जास्त कोणाला कळणार? मेअखेरीस आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो. पाच वाजता मैदानावर या, उजेड पुरेसा झाला की पहिली फेक, आठाला पिशवी बंद. चार जणांचे नऊ होल तासाभरात आरामात होतात. नवाला तुम्ही अजून मैदानात असाल तर काहीतरी चुकलं आहे.

संध्याकाळी हवा सहानंतर खेळण्यासारखी होते, पण माती नाही. दिवसभर प्यालेली उष्णता काळी माती सावकाश सोडते आणि पायांना वाफ लागत राहते. त्यामुळे संध्याकाळचा डाव आम्ही दुय्यम मानतो.

आता जंगलाजवळच्यांसाठी, आणि हे नीट वाचा. तुमच्याकडे पहाट ही उन्हासाठी चांगली आणि जनावरांसाठीही चांगली. मोहफुलं पडतात त्या दिवसांत अस्वल मोहाखाली येतं. मोह आणि तेंदू वेचायला गेलेल्या माणसांवर वाघाचे हल्ले दर उन्हाळ्यात होतात. ती माणसं पोटासाठी जातात. आपण चकतीसाठी जायचं नाही. मैदान गावाला लागून, उघड्यावर घ्या, पूर्ण उजाडल्यावर सुरू करा आणि झुडपात गेलेली चकती गेली असं समजा. तलावाचं पोट उन्हाळ्यात आटून मोकळं झालेलं असतं, ते छान सपाट मैदान होतं. पण उरलेल्या डबक्यावर पाणी प्यायला कोण येतं, ते आधी गावात विचारा.

आमच्याकडचं ऊन कोरडं आहे, घामही येत नाही. मग धोका कमी ना?

घाम येतो. तो दिसायच्या आत उडून जातो. कोकणातला माणूस ओलाचिंब होतो आणि त्याला कळतं की पाणी चाललंय. आपला शर्ट कोरडा राहतो, फक्त पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटतात. म्हणून आपल्याकडे तहानेवर भरवसा ठेवता येत नाही.

कोरड्या हवेचा फायदाही आहे आणि तो पुरेपूर घ्यावा. ओलं फडकं मानेवर टाकलं की पाणी झपाट्याने उडतं आणि अंग खरंच निवतं. कूलर चालतो त्याच तत्त्वावर. हाच कूलर जूनच्या पहिल्या पावसानंतर नुसता चिकचिकाट करतो, कारण हवेत आधीच ओल असते. शरीराचंही तसंच. त्यामुळे मेमधल्या कोरड्या ४२ मध्ये तग धरलेला माणूस जूनमधल्या दमट ३७ मध्ये आडवा होऊ शकतो. आकडा उतरला म्हणून पहिल्या पावसानंतर लगेच अठरा होलांचा बेत करू नका.

पाणी किती, आणि पाण्याशिवाय काय?

खेळताना दर पंधरा-वीस मिनिटांनी एक कप, तहान असो वा नसो. माणशी निदान दोन लिटर मैदानावर. पण नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि तोही धोका आहे. मठ्ठा, मीठ घातलेलं कैरीचं पन्हं, ज्वारीची आंबील, लिंबू-मीठ-साखर, काहीही चालेल. ओआरएसची मोठी पुडी लिटरभर पाण्यात पूर्ण टाकायची. अर्धी पुडी ग्लासभर पाण्यात ढवळून पिणारे आम्ही पाहिले आहेत, तसं करू नका. पुडी नसेल तर एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. रक्तदाबामुळे मीठ कमी खायला सांगितलेल्यांनी आपल्या डॉक्टरला विचारून ठरवावं.

बाटलीभोवती गोणपाट गुंडाळून ओला करा, किंवा घरात जुनी छागल असेल तर काढा. आम्ही कडुनिंबाखाली रांजण ठेवतो. तो फक्त खेळाडूंसाठी नसतो, गुराखीही पितात, आणि त्यामुळे आमच्या हरवलेल्या निम्म्या चकत्या परत येतात.

खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, खरं का?

नाही. कांदा खा, भाकरीबरोबर. खिशात पटर ठेवा.

कपडे?

पूर्ण बाह्यांचा सैल सुती शर्ट, फिकट रंगाचा. डोक्याला दुपट्टा, कान झाकून, आपली माणसं बांधतात तसाच. टोपीने कान आणि मान उघडी राहते. अर्ध्या चड्डीतले खेळाडू व्हिडिओत छान दिसतात. पऱ्हाटीची खुंटं आणि गोखरूचे काटे त्या व्हिडिओत नसतात. चप्पल नको, बूट घाला. फेकताना पाय गर्रकन फिरतो आणि मातीच्या भेगेत टाच अडकली तर घोटा जातो. या भेगा एप्रिलमध्ये बोट जाईल एवढ्या असतात आणि मेमध्ये मूठ जाईल एवढ्या.

उन्हात चकती वेगळी उडते का?

उडते, आणि हा आमचा आवडता प्रश्न आहे. हवा तापली की विरळ होते. जानेवारीतल्या १२ अंशांच्या सकाळच्या मानाने मेमधल्या ४५ अंशांच्या दुपारी हवा साधारण दहा टक्के विरळ असते. चकतीला अडवणारी हवा कमी, पण उचलून धरणारी हवाही कमी. परिणाम असा की चकती तरंगत राहत नाही. उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून आडवा नेत फेकणाऱ्याची चकती शेवटी डावीकडे वळतेच, ती उन्हात जरा लवकर आणि जरा जोरात वळते. उपाय सोपा: थोडी अंडरस्टेबल, म्हणजे सुरुवातीला उजवीकडे झुकणारी चकती घ्या, किंवा नेम थोडा उजवीकडे धरा. सकाळी सहाला हा फरक बारीक असतो. पण हिवाळ्यात बसवलेला नेम एप्रिलमध्ये हुकू लागला की लोक आपल्या मनगटाला दोष देतात. निम्मा दोष हवेला द्या.

जमिनीचा फरक याहून मोठा. वाळलेली काळी माती विटेसारखी असते. चकती पडून थांबत नाही, कडेवर उभी राहून चाकासारखी पळत सुटते. बास्केटच्या पलीकडे उतार असेल तर जोर आवरा. आमच्या एका गड्याची चकती बास्केटजवळून निघून पांदणीने थेट नाल्यात गेली होती, आणि त्या होलवर त्याने अकरा फेकी घेतल्या.

गाडीत ठेवलेली चकती वाकडी झाली. आता?

बंद गाडीत, मोटारसायकलच्या डिकीत किंवा टिनाच्या छपराखाली चकत्या ठेवायच्या नाहीत. स्वस्त प्लास्टिक तिथे मऊ होतं आणि वर जे वजन असेल त्याचा आकार घेतं. वाकलेली चकती कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून हाताने सरळ करा आणि सपाट फरशीवर थंड होऊ द्या. बहुतेकदा सुधारते, अगदी पूर्वीसारखी होत नाही. घरात पलंगाखाली, आडव्या, एकावर एक जास्त न रचता ठेवा. काळी चकती उन्हाळ्यात घेऊच नका. दहा मिनिटं उन्हात पडली तर उचलताना तव्याची आठवण येते.

कोणता रंग मग?

गुलाबी किंवा निळा. पिवळी वाळलेल्या गवतात विरघळते. केशरी चकती फाल्गुनात पळसाखाली पडली तर फुलं वेचत बसावं लागतं. सागाच्या झाडोऱ्यात कोणताच रंग कामाचा नाही, कारण सुपाएवढ्या वाळक्या पानांखाली चकती सरकून जाते. तिथे पडताना डोळ्यांनी जागा धरून ठेवणं हाच उपाय.

झाडं आहेत की मैदानाला. सावली होईल ना?

कोणती झाडं? सागाची असतील तर नाही. ऐन उन्हाळ्यात साग उघडाबोडका उभा असतो, त्याची सावली म्हणजे खांबाची सावली. कडुनिंबाला चैत्रात नवी पालवी येते, तो मेमध्ये गच्च असतो. चिंच आणि आंबाही चांगले. बाभळीची सावली विरळ आणि खाली काटे. आम्ही मैदान आखतो ते झाडं मोजून: प्रत्येक होलची सुरुवात कडुनिंब किंवा चिंचेखालून, आणि बास्केटही शक्यतो पुढच्या सावलीच्या जवळ. होलची लांबी ५० ते ७० मीटर. उघड्यावर चालावं लागतं ते एवढंच. फेकायला नियमाने ३० सेकंद मिळतात. आपली पाळी येईपर्यंत सावलीत थांबा, रांगेत उन्हात उभं राहायची गरज नाही.

बास्केट कुठून आणायची?

आणूच नका सुरुवातीला. हा खेळ अमेरिकेतही झाडं, खांब आणि कचऱ्याचे डबे यांवर नेम धरूनच सुरू झाला. बुंध्याला चुन्याचा पट्टा मारा, त्यावर लागली की होल पूर्ण. पुढे हौस वाढली तर गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे सायकलची जुनी रिम, पाइप आणि दावणीच्या साखळ्या न्या. आमची तशीच झाली, आणि ती दोन माणसांना हलवता येते. लोखंड दुपारी हात भाजेल एवढं तापतं, हे लहान मुलांना सांगून ठेवा.

जमीन कोणाची, परवानगी कोणाची?

ई-क्लास, म्हणजे गावाची चराईची सरकारी जमीन असेल तर ग्रामपंचायतीला विचारा. कागदावर झुडपी जंगल असेल तर वनखात्याचा प्रश्न येऊ शकतो. खाजगी वावर असेल तर मालकाला, आणि दरवर्षी नव्याने. ई-क्लासवर गुरांचा हक्क आधी: कळप आला की खेळ थांबतो. आणि वाळल्या गवतात बिडी-सिगारेट अजिबात नाही. एका ठिणगीने धुऱ्यावरची पऱ्हाटी आणि शेजाऱ्याचं कुटार जातं, मग परवानगीचा विषयच मिटतो.

चकती तुराट्यांच्या ढिगात गेली तर हात घालू का?

नाही. ढिगाखाली गारवा असतो, म्हणून तिथे विंचू, मण्यार, घोणस असू शकतात. लांब काठीने ओढा, आधी ठोकून. पीडीजीएच्या नियमांतही धोकादायक प्राणी किंवा कीटक जवळ असेल तर दंड न घेता, बास्केटपासून दूर जाणाऱ्या रेषेवर मागे सरकून फेकायची मुभा आहे. गांधीलमाशांच्या पोळ्याखालून पट करून दाखवण्यात शौर्य नाही.

एखाद्याला ऊन लागलं तर काय करायचं?

डोकं दुखणं, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, गरगरणं ही पहिली पायरी. खेळ तिथेच थांबवा, सावलीत आडवं करा, पाय थोडे उंच, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट. अर्ध्या तासात बरं वाटलं तरी त्या दिवशी पुन्हा खेळायचं नाही.

माणूस असंबद्ध बोलू लागला, चिडचिड करू लागला, तोल गेला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात आहे. अंगाचं तापमान ४० च्या वर गेलेलं असतं. त्वचा कोरडी असेलच असं नाही, मेहनत करताना झालेल्या उष्माघातात घाम चालूही असू शकतो. इथे मिनिटं मोजायची. १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत वाट बघत बसू नका: आधी थंड करा. कपडे सैल करा किंवा काढा, अंगभर पाणी ओता, दुपट्ट्याने जोरात वारा घाला, मान, काखा आणि जांघेत ओली फडकी ठेवा. जवळ विहिरीची मोटार असेल आणि वीज असेल तर धारेखाली धरा, फक्त डोकं आणि तोंड सांभाळून. एक लक्षात ठेवा, उन्हात पडलेल्या काळ्या पाइपातलं पहिलं पाणी कढत येतं. ते वाहून जाऊ द्या, मग माणूस धारेखाली न्या. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. तापाची गोळी द्यायची नाही, या तापावर तिचा उपयोग होत नाही.

एका एप्रिलमध्ये मी स्वतः "एवढा होल संपवतो" म्हणून दहा वाजेपर्यंत खेळत राहिलो. घरी पोचल्यावर मोटारसायकल कोणी चालवली ते आठवेना. ती मीच चालवली होती. तेव्हापासून आमच्यात नियम आहे: एकट्याने खेळायचं नाही, आणि सोबत्याने "बस" म्हटलं की वाद नाही.

लहान मुलं आणि वयस्क?

या, पण सात वाजेपर्यंतच. मुलं खेळाच्या भरात सांगत नाहीत, त्यांच्याकडे बघत राहावं लागतं. लघवी वाढवणाऱ्या, रक्तदाबाच्या, मानसिक आजाराच्या आणि सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी ऊन सोसायची ताकद कमी होते. आपल्या डॉक्टरला विचारा. शहरातून सुट्टीला आलेल्या भाच्यांना पहिल्याच दिवशी पूर्ण डाव देऊ नका. शरीराला ऊन अंगवळणी पडायला एक ते दोन आठवडे लागतात.

रात्री खेळलं तर?

पौर्णिमेच्या आसपास मजा येते. चकतीला छोटा एलईडी चिकटवायचा. पण साप-विंचू उन्हाळ्यात रात्रीच फिरतात. बॅटरी आणि बूट हवेतच, आणि फक्त साफ केलेल्या जागेत, म्हणजे गावठाणात किंवा शाळेच्या पटांगणात.

वावटळ आणि वीज?

वावटळ आली की चकत्या खाली ठेवा, डोळे झाका, एक-दोन मिनिटांत जाते. हवेतली चकती तिच्यात सापडली तर ती कुठे उतरेल याचा नेम नाही, आणि आम्ही तेवढ्यापुरती पुन्हा फेकू देतो. नियमात ते बसत नाही, गावात बसतं. वीज मात्र गंमत नव्हे. अवकाळीचे ढग दिसले की बास्केट सोडा, झाडही सोडा, पक्क्या घरात जा. विजेचा इशारा देणारं दामिनी हे ॲप मोबाइलमध्ये असू द्या.

मे महिन्यात स्पर्धा ठेवू का?

नका ठेवू. स्पर्धेत कोणी पाणी पीत नाही आणि कोणी हार मानत नाही. होळीच्या आधी ठेवा, तूर निघालेल्या एखाद्या वावरात.

हंगाम केव्हा संपतो?

ट्रॅक्टर आला की. मेच्या मध्यावर उन्हाळवाही सुरू होते आणि एका दुपारी तुमचा चौथा होल ढेकळांत जातो. मग उरलेले होल ई-क्लासकडे सरकवायचे. नवतपात, म्हणजे २५ मेपासूनचे नऊ दिवस, आम्ही तसंही पटिंगच करतो. मृग लागला की सगळे पेरणीच्या गडबडीत, आणि चकत्या पलंगाखाली. आमच्या दोन बास्केटपैकी एक पावसाळाभर ज्यांच्या वावरात खेळतो त्या मावशींकडे असते. त्या ती उलटी करून कोंबडीची पिल्लं झाकतात. परत मागायला दिवाळीनंतर जायचं, पिल्लं मोठी झाली का ते आधी विचारून.